पाणी आणू, पण कुणाचं?

मीरा-भाईंदर या नावाचा विधानसभा मतदारसंघ तसा तरुणच म्हणायचा. मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि 2009 साली इथली पहिली निवडणूक झाली. राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा निवडून आले. 2014 ला भाजपचे नरेंद्र मेहता, 2019 ला अपक्ष गीता जैन, 2024 ला पुन्हा मेहता. म्हणजे चार निवडणुकांत एकालाही लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता आलं नाही. शहराचा काही भाग शेजारच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात आहे, तिथे मात्र 2009 पासून प्रताप सरनाईकच आहेत. इतकी माणसं बदलली, तसे प्रचारातले मुद्दे बदलले का? पाणी, रस्ते, गटारं, रुग्णालय, उत्तनचा कचरा. यादी तीच.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द सोलत बसायची खोड आहे, ती सहन करा. आश्वासन वेगळं आणि भूमिका वेगळी. ‘पाणी आणतो’ हे आश्वासन झालं. ‘पाणी आणणार नाही’ असं म्हणणारा उमेदवार कुठे मिळेल? ज्याच्या विरुद्ध कुणी उभंच राहू शकत नाही, त्याला धोरण कसं म्हणायचं? याउलट 1957 ची निवडणूक बघा. द्विभाषिक मुंबई राज्य चालू ठेवायचं की मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र करायचा, हा सरळ सवाल होता. समितीचा उमेदवार एक सांगत होता, काँग्रेसच्या उमेदवाराला दुसरं सांगावं लागत होतं, आणि कमी शिकलेल्या मतदारालाही दोन्ही नीट कळत होतं. 1 मे 1960 चं राज्य त्या वादातून आलं.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. मिठागरं, भातखाचरं आणि कोळीवाड्यांच्या या गावांची 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली महापालिका. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती, ती 2011 ला 8 लाख 9 हजारांवर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त! एवढ्या माणसांना पुरेल असं पाणी शहरात नाही, ते बाहेरूनच आणावं लागतं. म्हणून सूर्या प्रकल्पाची योजना आली. रोज 403 दशलक्ष लिटर पाणी, त्यातलं 218 मीरा-भाईंदरला आणि 185 वसई-विरारला. प्रचारात सूर्याचं नाव निघतं ते एवढ्यासाठीच: पाणी कधी येणार आणि श्रेय कुणाचं.

पण सूर्या धरण बांधलं कशासाठी? डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी. तिथले शेतकरी आणि आदिवासी म्हणतात, आमच्या नावावर बांधलेल्या धरणाचं पाणी शहरांना चाललंय. त्यासाठी त्यांनी आंदोलनं केली. खरा धोरणाचा प्रश्न इथे सुरू होतो. शहराला पाणी नको असं आम्ही मुळीच म्हणत नाही. हंडा घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बाईला सिंचनाचा इतिहास सांगणं हा निव्वळ उद्धटपणा होईल. पण ज्याचं पाणी घ्यायचं त्याला बदल्यात काय द्यायचं, सांडपाणी शुद्ध करून किती परत वापरायचं, नव्या इमारतींना परवानगी पाणी बघून द्यायची की आधी इमारत आणि मग पाणी? यांवर दोन उमेदवारांचं मत वेगळं असू शकतं. असायला हवं.

आणि हे नगरसेवकाच्या हातातलं नाही, बरं का. 2005 साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. शेती, उद्योग, पिण्याचं पाणी यांत वाटप कसं करायचं, हा अधिकार 2011 च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला. कायदा आणि दुरुस्ती दोन्ही विधिमंडळातून झाली, म्हणजे आमदारांच्या मतांनी. नगररचनेचा 1966 चा कायदाही तिथलाच. नळाला पाणी सोडणं हे महापालिकेचं काम. कुठल्या धरणातून किती घ्यायचं हे राज्याचं.

20 नोव्हेंबर 2024 ला आपण मतदान केलं तेव्हा तर नगरसेवकच नव्हते. महापालिकेची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. तुंबलेल्या गटाराची तक्रारसुद्धा माणूस आमदाराकडे नेणार, दुसरं कोण होतं? उमेदवारांनाही ते सोयीचंच. गटाराचं आश्वासन द्यायला वाटपाच्या कायद्यावर मत असावं लागत नाही.

2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. धरण तिकडे, नळ इकडे. विक्रमगडचा शेतकरी आपल्या उमेदवाराला मत देऊ शकत नाही, आपण त्याच्या उमेदवाराला देऊ शकत नाही. दोघांचे आमदार समोरासमोर बसतात ती जागा एकच, विधानसभा. तिथे सूर्याच्या पाण्यावर तुम्ही काय बोलणार, हे प्रचारसभेत तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं का? हात वर करा, बघू.