पटाबाहेरचे मूल

१६ मार्च १९११ रोजी नामदार गोखले यांनी मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकात सक्तीचा निर्णय नगरपालिका व जिल्हा मंडळांवर सोपवलेला होता. शाळेत जाणाऱ्या मुलांचे ठरावीक प्रमाण गाठल्यावरच तो घेता येणार होता. म्हणजे मुलांची मोजदाद आधी, सक्ती नंतर. १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. बडोदे संस्थानात मात्र १९०६ पासूनच सक्ती लागू होती. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तो अधिकार १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने मिळाला.

या मोजदादीवरच खोल्या, बाके आणि शिक्षक ठरत. सक्तीच्या जुन्या कायद्यांत आजार व शारीरिक दुर्बलता ही गैरहजेरीची ग्राह्य कारणे होती. सवलत दयेची खरी. पण जे मूल येणारच नाही, त्याच्यासाठी कोणती नगरपालिका खर्च मंजूर करणार? अंध व मूकबधिर मुलांच्या आरंभीच्या शाळा मिशनऱ्यांनी काढल्या, त्या उगाच नव्हे. अमृतसरची अंधशाळा १८८७ची.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दर पाच वर्षांनी दिव्यांग मुलांचे सर्वेक्षण सांगितले. केंद्राच्या नमुना नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. जे मूल अपंगत्वामुळे तेवढेही जाऊ शकत नाही, त्याच्या वाहनाबाबत मात्र शासन ‘प्रयत्न करील’, एवढेच तेथे म्हटले आहे.