हलतो तो कोण? खुलदाबादच्या बुऱ्हानी नाचाविषयी

सूफी नृत्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : उंच टोपी, पांढरा घेरदार झगा, एक तळवा आकाशाकडे, दुसरा जमिनीकडे, आणि स्वतःभोवती गरगर फिरणारा दरवेश. हे चित्र कोन्याचे, म्हणजे तुर्कस्तानातील मौलवी संप्रदायाचे. आमची तक्रार त्या चित्राविषयी नाही. ते एकटेच उरले आहे, याविषयी आहे. उपासना म्हणून नाचणाऱ्या सूफींची एक मंडळी चौदाव्या शतकात याच मुलखात, दौलताबादच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर नांदत होती. तिच्या नाचण्याच्या ढंगाला समकालीनांनी स्वतंत्र नाव दिले होते. मराठीच्या वर्गात सूफींचा विषय निघतो तेव्हा मात्र आपण थेट रूमीकडे जातो. वाटेत खुलदाबाद लागते, पण तिथे थांबत नाही.

ही मंडळी बुऱ्हानुद्दीन गरीब यांची. मूळचे हांसीचे, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे ज्येष्ठ शिष्य. निजामुद्दीन 1325 मध्ये निवर्तले; 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीतील प्रतिष्ठितांना, विद्वानांना, सूफींना देवगिरीकडे, नव्या दौलताबादकडे हलवले. त्या लोंढ्याबरोबर उतारवयातले बुऱ्हानुद्दीन दख्खनेत आले आणि 1337 मध्ये येथेच वारले. त्यांची कबर ज्या टेकडीवरच्या वस्तीत आहे तिला तेव्हा रौजा म्हणत. औरंगजेबाच्या मरणोत्तर पदवीवरून तिचे खुलदाबाद झाले ते पुष्कळ नंतर. निजामुद्दीनांच्या परिवारातील अमीर खुर्द याने ‘सियर-उल-औलिया’ या चरित्रग्रंथात बुऱ्हानुद्दीनांविषयी लिहिताना नोंदवले आहे की समा, म्हणजे ईश्वरस्मरणाच्या गायनाचे श्रवण, त्यांना अतोनात प्रिय होते. त्यांची नाचण्याची रीत इतरांहून निराळी होती, आणि त्यावरून त्यांच्या सोबत्यांना ‘बुऱ्हानी’ म्हणत. एखाद्या गुरूच्या नावाने शाखा ओळखली जाणे नवे नाही. पण नाचण्याच्या रीतीवरून माणसे ओळखली जावीत, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नाचाचा उल्लेख आला की वादही येतोच. समा दोन प्रकारे अडचणीची होती. पहिला प्रश्न गायनाचा, दुसरा अंगविक्षेपाचा. आणि दुसरा पहिल्याहून अवघड. अकराव्या शतकात लाहोरास राहिलेल्या हुजवेरी यांनी ‘कश्फ-उल-महजूब’ या ग्रंथात नाचाला धर्मशास्त्रात किंवा साधनामार्गात आधार नाही, असे स्वच्छ सांगितले. पण त्याच दमात हेही सांगितले की भावावेगाने ज्याचे शरीर हलते त्याच्या हालचालीला नाच म्हणणेच चूक आहे. गझाली (मृत्यू 1111) यांनी समेचे शिष्टाचार सांगताना आणखी एक पाऊल टाकले. मंडळीतला एखादा खऱ्या आवेगाने उभा राहिला तर बाकीच्यांनीही उभे राहावे, त्याला एकटे पाडू नये. या नियमातली माणुसकी आम्हांला फार मोलाची वाटते. पण त्यात ‘खऱ्या’ हा शब्द बसला आहे, आणि सगळे भांडण त्या एका शब्दाचे आहे.

निजामुद्दीनांच्या परिवारात या भांडणाला एक चौकट मिळाली होती. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचे चित्त ईश्वराकडे असावे, गायले जाणारे शब्द अश्लील किंवा थट्टेचे नसावेत, तंतुवाद्ये नसावीत. समा चार प्रकारची. मन सर्वस्वी ईश्वराकडे असेल तर विहित, अधिक ईश्वराकडे असेल तर चालण्याजोगी, अधिक लौकिक प्रेमाकडे असेल तर निंद्य, सर्वस्वी तिकडेच असेल तर निषिद्ध. म्हणजे तेच गाणे, तीच जागा, तीच रात्र. आणि शेजारी बसलेल्या चौघांसाठी ती चार वेगळी कृत्ये. गियासुद्दीन तुघलकाच्या काळात (1320–1325) दिल्लीत समेवर उलेमांची सभाच भरवली गेली, निजामुद्दीनांना तीत उत्तर द्यावे लागले, आणि बंदी आली नाही. तरीही ज्या कसोटीवर समा वैध ठरायची ती कसोटी कुणा काजीच्या हाती लागण्याजोगी नव्हती. ती ऐकणाऱ्याच्या छातीत होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ज्या जागी हे सारे ओळखीचे वाटावे ती जागा इथे येते. सूफी परिभाषेत ‘वज्द’ म्हणजे आपोआप कोसळणारा भावावेग. ‘तवाजुद’ म्हणजे तो यावा म्हणून जाणूनबुजून केलेली हालचाल. तवाजुद हा दंभ की साधना? ज्यांनी त्याची बाजू घेतली त्यांनी एका प्रेषितवचनाचा आधार दिला. रडू येत नसेल तर निदान रडण्याचा यत्न करावा, असा त्याचा आशय. आधी मुद्दाम, मग आपसूक. भरताच्या नाट्यशास्त्रातील सात्त्विक भावांचा पेच हाच नव्हे काय? रोमांच, वेपथु, अश्रू, स्वरभंग हे बाहेरून लावता येत नाहीत, आणि नटाला तर ते दाखवायचे आहेत. मन एकाग्र झाले की ते उमटतात, असे शास्त्र सांगते. नट आणि दरवेश यांच्यात फरक एवढाच की नटाला प्रेक्षकांसाठी तिथवर जायचे असते आणि दरवेशाला प्रेक्षक नकोच असतात.

ही चर्चा अरबी-फारसी ग्रंथांतली म्हणून आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले ढाणकी घ्या. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा, अशा पट्ट्यातले हे गाव. या पट्ट्यात मोहरमात सवाऱ्या उठतात, अलाव्याभोवती फेर धरला जातो, त्यात हिंदूही असतात. आणि वर्षाच्या दुसऱ्या टोकाला हरिनाम सप्ताहात टाळकरी पावली खेळतात. अलाव्याचा फेर म्हणजे सूफींची समा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. मोहरमचा शोक हुसेनांचा आहे, त्याची वाट वेगळी. आमचा मुद्दा भाषेचा आहे. या मुलखातले कोणतेही माणूस नाचणाऱ्या अंगाकडे पाहून दोन शब्दांपैकी एक उच्चारते : ‘अंगात आलं’ किंवा ‘सोंग केलं’. ‘अंगात येणे’ या क्रियेचा कर्ता अंगाचा धनी नसतो. येणारा दुसराच कुणी असतो. ‘सोंग’ या शब्दात मात्र लबाडी आहे आणि बहुरूप्याची कलाही आहे. वज्द आणि तवाजुद यांच्यातली सगळी ओढाताण मराठी बोलीने या दोन शब्दांत साठवून ठेवली आहे. आपण तिच्यासाठी परिभाषाकोश उघडतो, इतकेच.

खुलदाबादेत हा वाद एका माणसाच्या रूपाने चालत आला. शिराझहून आलेले झैनुद्दीन हे गाढे विद्वान. दौलताबादेत बुऱ्हानुद्दीनांच्या घरी समा आणि नाच चालतो हे त्यांना पटत नव्हते. शंका घेऊन आलेले हे गृहस्थ पुढे बुऱ्हानुद्दीनांचे शिष्य झाले, आणि गुरूच्या मागे 1337 ते 1369 या काळात त्यांची परंपरा त्यांनीच चालवली. या घटनेला चमत्कारकथेचे वळण देणे सोपे आहे. आम्हांला तिच्यात दुसरेच दिसते. नाचणाऱ्यांच्या मंडळीने आपला वारसा नाचाच्या सर्वांत कडक टीकाकाराकडे सोपवला. शंका घेणारा आत असल्याशिवाय ‘खऱ्या’ या शब्दाची राखण होत नाही, हे त्यांना उमगले असावे.

याच पेचाला कोन्याने दिलेले उत्तर अगदी वेगळे. रूमी 1273 मध्ये वारले. बाजारात सोनारांच्या हातोड्यांच्या ठेक्यावर ते फिरू लागल्याची कथा प्रसिद्ध आहे. तीत सारे अवचित आहे. त्यांचा मुलगा सुलतान वलद (मृत्यू 1312) आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी मात्र त्या अवचितपणाला विधी बनवले. पंधराव्या शतकापर्यंत त्याचा क्रम ठरला : चार फेऱ्या, ठरलेले गायन, नेय म्हणजे बासरी; टोपी ही कबरीच्या दगडाची खूण, पांढरा झगा कफनाची, वरून पांघरलेला आणि फिरण्याआधी उतरवून ठेवलेला काळा अंगरखा कबरीची. शिकाऊ दरवेशाने मठात 1001 दिवस सेवा करायची, स्वयंपाकघरापासून सुरुवात. फिरणे शिकायचे ते लाकडी फळीवर; फळीच्या मध्यभागी खिळा, तो पायाच्या अंगठ्यात धरून डाव्या पायाचा आस करायचा. म्हणजे मौलवींनी तवाजुद लपवला नाही. त्यालाच शिस्त केले. मुद्दाम केलेले इतके काटेकोर करायचे की करणाऱ्याला त्यात मिरवायला जागाच उरू नये.

या शिस्तीमुळे ते नृत्य टिकले, आणि तिच्यामुळेच ते उचलून रंगमंचावर ठेवता आले. 1925 मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने कायद्याने सगळे सूफी मठ बंद केले. 1950 नंतरच्या दशकात कोन्यात ते सांस्कृतिक स्मरणोत्सव म्हणून परतले. युनेस्कोने 2005 मध्ये त्याला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले आणि 2008 मध्ये तशी यादीत नोंद केली. उपासना म्हणून बंद आणि वारसा म्हणून खुली : एकाच हालचालीला शासनाने दिलेली ही दोन नावे. खुलदाबादच्या नाचाला यांपैकी काहीच झाले नाही. त्याला पोशाख नव्हता, फेऱ्यांची संख्या नव्हती, फळी नव्हती आणि खिळाही नव्हता. तो माणसांच्या अंगातून अंगात जात होता. माणसे गेली तसा तोही गेला. ग्रंथ मात्र राहिले. रुक्नुद्दीन, हम्माद आणि मजदुद्दीन या काशानी बंधूंनी बुऱ्हानुद्दीनांची वचने आणि कथा फारसीत उतरवल्या. त्यांपैकी रुक्नुद्दीनांचा ‘शमाइल-उल-अत्किया’ सतराव्या शतकात मीरां याकूब यांनी दखनीत आणला, आणि दखनी गद्याच्या इतिहासात त्याचे नाव घेतले जाते. बुऱ्हानपूर शहराला फारुकी राजांनी नाव दिले ते याच बुऱ्हानुद्दीनांवरून, आणि तापीपलीकडच्या झैनाबादला झैनुद्दीनांवरून. नावे नकाशावर गेली, वचने पोथ्यांत गेली.

पुढच्या पिढीत गेसूदराज (मृत्यू 1422) यांचे बालपण याच दौलताबादेत गेले. त्यांचे वडील खुलदाबादेत पुरले आहेत. गुलबर्ग्याला स्थिरावलेल्या या सूफींनी हिंदवी गाण्यांतला मऊपणा आणि दीनपणा समेला विशेष पोषक मानला, अशी नोंद त्यांच्या वचनसंग्रहात आहे. आमच्या मते दख्खनेतल्या भाषांच्या अभ्यासकाने इथे थांबावे. धर्माधर्माच्या ‘समन्वया’पेक्षा हा शब्दांच्या पोताविषयीचा अभिप्राय आहे, आणि तो ऐकणाऱ्या कानाने दिलेला आहे.

‘समन्वय’ हा शब्द आलाच आहे, तर एक गोष्ट बोलून टाकू. बुऱ्हानुद्दीन 1337 मध्ये वारले. नामदेवांचा काळ परंपरेने 1270 ते 1350 मानला जातो. म्हणजे एकीकडे चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनात नाचणारा शिंपी, आणि दुसरीकडे देवगिरीच्या छायेत समेत नाचणारा म्हातारा सूफी, हे समकालीन होते. एवढ्यावरून वारकऱ्यांनी नाच सूफींकडून घेतला, किंवा सूफींनी वारकऱ्यांकडून, असे विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गुण मिळवून देत असेल. इतिहासात त्याला आधार लागतो. समेत नाचणाऱ्यांची परंपरा बुऱ्हानुद्दीन दिल्लीहून घेऊन आले होते, आणि नामदेवांच्या कीर्तनाला त्यांची गरज नव्हती. दोन्हीकडच्या अंगांची घडणही भिन्न. पावली ही सामूहिक चाल आहे, टाळांच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाऊल एका वेळी पडते. समेत एकजण उठतो आणि बाकीचे त्याच्यासाठी उभे राहतात. सूफी आणि मराठी संत यांची जी भेट खरोखर दाखवता येते ती पुढची, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’तली, रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथात अशा कवींचा वेध घेतला आहे. भेट झाली ती शब्दांत. नाचात झाली असे म्हणण्याचा मोह आवरला, तर त्या दोन नाचांतले वेगळेपण तरी शाबूत राहील.

आज खुलदाबादेत उरुसाला कव्वाली होते. समेची गायनाची बाजू तिच्यात जिवंत आहे. शरीराची बाजू डोलणाऱ्या मानांत आणि मधूनच वर जाणाऱ्या हातांत उरली आहे. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघडी कबर आहे, आणि बहुतेक प्रवासी ती पाहून परततात. ज्या बादशहाने दरबारातले गायन थांबवले तो समेवर आक्षेप घेऊन समेकऱ्यांत मिसळून गेलेल्या विद्वानाच्या पायाशी निजला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच गावाच्या परिसरात अमीर हसन सिज्झी यांचीही कबर आहे. निजामुद्दीनांची संभाषणे ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये लिहून ठेवणारे कवी ते हेच, तेही तुघलकाच्या स्थलांतरात इथे आले. त्यांच्या ग्रंथात कुत्बुद्दीन बख्तियार काकी यांच्या मृत्यूची हकीकत आहे. 1235 मध्ये दिल्लीतल्या एका समेत अहमद-ए-जाम यांचे एक कवन गायले जात होते. काकींना भान राहिले नाही. त्यांना घरी आणले. ते तेच कवन पुन्हा पुन्हा गायला सांगत राहिले. चार दिवस हे चालले. नमाजाची वेळ झाली की ते शुद्धीवर येत, नमाज पढत, आणि पुन्हा गाणाऱ्यांना खूण करत.