चांदबिबीचा खून आणि एक रहस्यकादंबरी

सुटींत वाचावयाच्या पुस्तकाकडून कोणी फार मोठी अपेक्षा करीत नाहीं. दुपारीं जेवणानंतर हातीं घ्यावें, डोळा लागला तर खुशाल छातीवर पालथें पडूं द्यावें, आणि उठल्यावर कथेचा धागा पुन्हां सांपडावा, एवढें झालें म्हणजे पुरे. रहस्यकादंबरी ह्या कामीं विशेष उपयोगी पडते अशी तिची ख्याति आहे, व ती खोटी नाहीं. गोविंद नारायण दातार यांनीं रेनॉल्ड्सच्या कथांना मराठी वेष चढविला, तेव्हांपासून बाबूराव अर्नाळकरांच्या शेंकडों पुस्तकांपर्यंत ह्या वाङ्मयानें मराठी घरांतील कित्येकांस वाचनाची गोडी लाविली. तेव्हां त्याला नाक मुरडण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमची तक्रार निराळी आहे.

मे महिन्याच्या सुटींत आम्ही अकोले तालुक्यांत भंडारदऱ्यास जाऊन राहिलों होतों. प्रवरा अडविणारें तेथील धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या विस्तीर्ण जलाशयाकांठीं करवंदांच्या जाळ्या फळांनीं लगडल्या होत्या, आणि दुपारच्या उन्हांत पाणी पाऱ्यासारखें चमकत असे. अशा ठिकाणीं एक जाडजूड रहस्यकादंबरी आम्हीं वाचून संपविली. जुन्या वाड्यांत एका जहागिरदाराचा खून होतो. घरांतील पांच माणसांवर संशय येतो. बाप मुलाकडे व मुलगा बापाकडे चोरट्या नजरेनें पाहूं लागतो. येथवर सर्व ठीक होतें. पण शेवटच्या प्रकरणांत मृताचा जुळा भाऊ अकस्मात् अवतरतो, आणि तोच खुनी ठरतो! आधींच्या सबंध पुस्तकांत त्याचा उल्लेखहि नाहीं. ही फसवणूक कोणत्याहि वाचकास कळते. परंतु आम्हांस अधिक खटकलें तें पुढेंच. खुनी सांपडतांच तीं पांचहि माणसें एकत्र हंसतखेळत जेवावयास बसतात. इतके दिवस त्यांनीं एकमेकांविषयीं जें जें मानलें, तें कां मानलें आणि त्याचें पुढें काय झालें, हें विचारण्याची लेखकास गरजच वाटली नाहीं. ‘कोणीं मारलें?’ ह्या प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं त्याचें काम संपलें.

ह्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरीं, म्हणजे अहमदनगरांत (२०२४ पासून अहिल्यानगर), १६०० सालीं जो खून झाला, त्याची कथा अगदीं उलट आहे. तेथें खुनी कोण हें लपलेलेंच नाहीं. पूर्ववयांत निजामशाहीच्या पदरीं असलेल्या व पुढें विजापुरास गेलेल्या फिरिश्त्यानें पुढाकार घेणाऱ्या हमीदखानाचें नांव सरळ लिहून ठेविलें आहे. रहस्यकादंबरीकाराला येथें करण्यासारखें कांहींच नाहीं. आणि तरीहि ह्या खुनाइतकें गूढ आम्हांस भंडारदऱ्याच्या त्या पुस्तकांत दिसलें नाहीं.

१५९५ सालीं विजापूरकरांशीं लढतांना इब्राहीम निजामशहा पडला आणि गादीसाठीं एकदम चार दावेदार उभे राहिले. प्रत्येकाच्या पाठीशीं एकेक सरदार. त्यांपैकीं मियां मंजूनें तर गुजरातेंत असलेल्या मोगल शहाजादा मुरादास मदतीला बोलाविलें. मोगल आले तेव्हां त्याला पस्तावा झाला. पण घराचें दार उघडून बसल्यावर पस्तावून काय उपयोग! किल्ला राखण्याचें काम चांदबिबीवर पडलें. ही हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग खणले. आंतल्यांनीं शोध करून कांहीं निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटास मोठें खिंडार पडलें. तेव्हां चिलखत घालून, तोंडावर बुरखा व हातांत नागवी तरवार घेऊन ती स्वतः त्या खिंडारांत उभी राहिली, आणि रातोरात तट पुन्हां उभारला गेला. दारूगोळा सरल्यावर तिनें तोफांतून नाणीं डागलीं, असें लोक सांगत आले आहेत. १५९६ सालीं वऱ्हाड देऊन तह झाला. त्या वाटाघाटीनें शहर वांचलें, म्हणून तेव्हां कोणी तिला फितूर म्हटलें नाहीं.

चार वर्षांनीं शहाजादा दानियालचें सैन्य पुन्हां तटापाशीं आलें. आतां निभाव लागत नाहीं हें ओळखून, किल्ला सोडावा आणि बालराजा बहादुर व शिबंदी यांसह जुन्नरास जावें, असा चांदबिबीचा विचार ठरला. हमीदखान रस्त्यांत धांवत सुटला आणि ‘बेगम मोगलांना मिळाली’ अशी त्यानें हाकाटी केली. जमाव महालांत शिरला आणि त्यानें तिला ठार मारलें. पुढें थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांनीं घेतला; बहादुर ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत कैदी झाला.

खिंडारांत तिला उभी पाहिलेल्या शहराला एका ओरडीवर विश्वास कसा बसला? ह्याचें उत्तर हमीदखानाच्या नांवांत नाहीं, मधल्या चार वर्षांत आहे. मियां मंजूनें शत्रूला आमंत्रण दिलें हें लोकांनीं पाहिलें होतें. पुढें खुद्द चांदबिबीनेंच नेमलेला मंत्री महंमदखान सत्ता बळकावून मोगलांशीं संधान बांधूं लागला; त्याच्या मागून आलेला अभंगखान तिच्याच विरुद्ध उठला. ज्या राज्यांत प्रत्येक मोठा माणूस केव्हां ना केव्हां फितूर ठरला, तेथें जी एक फितूर नव्हती तिला निराळी ओळखण्याची शक्तीच लोकांत उरली नव्हती. गवत वाळलेलें होतें. हमीदखानानें फक्त ठिणगी टाकली.

पुढें शहराला हें सहन झालें नसावें, असें वाटतें. चांदबिबीनें तेजाबाच्या विहिरींत उडी घेऊन प्राण दिला, अशी एक कथा प्रचलित आहे. तिच्यांत मारणारा कोणी उरतच नाहीं. शहराबाहेरील डोंगरावर जी भव्य वास्तु ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते, ती वस्तुतः मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. ज्या शहरानें तिला मारलें, त्यानेंच दुसऱ्याच्या कबरीला तिचें नांव देऊन तें आजवर जपलें.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनीं ऐतिहासिक कादंबऱ्या लिहाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. खुनी शोधून काढल्यावर त्यांनीं आणखी एकच पान लिहावें: ज्यांनीं निरपराध माणसावर संशय घेतला, तीं माणसें दुसऱ्या दिवशीं एकमेकांशीं कशीं बोललीं?