पिझ्झावर अननस कुणी ठेवला? (एपिसोडचा मजकूर)

आजचा विषय हलकाफुलका आहे, पण मित्रामित्रांत भांडणं लावणारा आहे. पिझ्झावर अननस! हा विषय निघाला की कुणीतरी ठसक्यात म्हणतंच, ‘हे ओरिजिनल नाही.’ मी पडलो सॉफ्टवेअरवाला. ओरिजिनल म्हटलं की पहिलं व्हर्जन शोधायची खोड. चला, शोधूया.

हवाईयन पिझ्झा हवाईचा नाहीच. तो जन्मला कॅनडात, ऑन्टारिओमधल्या चॅटम गावात, १९६२ साली. बनवणारा सॅम पानोपुलोस, मूळचा ग्रीक. १९५४ साली, विशीत, तो बोटीने कॅनडाला निघाला. वाटेत बोट नेपल्सला थांबली आणि तिथे त्याची पिझ्झाशी ओळख झाली. पुढे भावांबरोबर रेस्टॉरंट चालवताना त्याने गंमत म्हणून डब्यातला अननस पिझ्झावर टाकून पाहिला. त्यांच्याकडे चिनी पदार्थही मिळायचे, त्यामुळे आंबट-गोड चव ओळखीची होती. नाव पडलं डब्यावरच्या ब्रँडवरून: हवाईयन. त्याने पेटंटबिटंट काही घेतलं नाही.

आता जरा मागे जाऊ. टोमॅटो म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने फळच, आणि तो मूळचा अमेरिका खंडातला. इटलीत तो पोचला १६व्या शतकात. अननसही त्याच खंडातला. पोर्तुगीजांनी तो भारतात आणला आणि ‘अननस’ हा शब्दही आपल्याला त्यांच्याकडूनच मिळाला. म्हणजे टोमॅटो आणि अननस, दोघंही इटलीला पाहुणेच. एक आधी आला म्हणून घरचा झाला, दुसरा अजून दारात उभा!

बरं, इटलीत पिझ्झावर फळ चालतच नाही असंही नाही. रोममध्ये साध्या पांढऱ्या पिझ्झात अंजीर आणि खारवलेलं हॅम घालून खातात. पेअर आणि गॉर्गोन्झोला चीजची जोडीही तिकडे आवडीची आहे.

२०१७ साली तर आइसलँडचे राष्ट्राध्यक्ष गुडनी योहानेसन एका शाळेत म्हणाले, हातात असतं तर अननसावर बंदी घातली असती. जगभर कल्ला झाला. मग त्यांनी खुलासा केला, की असा अधिकार आपल्याला नाही आणि तो नाही हेच बरं. कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो अननसाच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये पानोपुलोस वारला, ८२ वर्षांचा होऊन.

घरी करणार असाल तर एक टिप. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. शिवाय रस सुटून बेस ओला होतो. म्हणून फोडी पुसून कोरड्या करा, तव्यावर चांगल्या परता, मगच चीजवर ठेवा. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो फक्त नीट निथळून घ्या.

मला यातलं मोलाचं काय वाटतं सांगू? परक्या देशात आलेल्या एका पोराने तिसऱ्याच देशाच्या पदार्थावर चौथ्या ठिकाणचं फळ ठेवलं. ‘ओरिजिनल नाही’ म्हणून आपण हसतो, तेव्हा बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी हातच्या चवीला हसत असतो. आवडत नसेल तर खाऊ नका, पण नाव ठेवण्याआधी आपल्या पावभाजीतला बटाटा-टोमॅटो कुठून आला, तेवढं बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!