पानाची चव: बिनसुवासाच्या तंबाखूच्या अभ्यासाची प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल रचला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, 1613 मध्ये. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला तिथे गर्दी लोटते. त्याच सुलतानाच्या काळातली, महालाच्या आठ-नऊ वर्षे आधीची एक घटना मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी आला होता. परतताना त्याने बरोबर तंबाखू नेली, कारण उत्तरेत त्याने ती कधी पाहिली नव्हती. अचिनहून आलेली तीन हात लांब नळी, तिच्या दोन्ही टोकांना जडावकाम, तोंडाशी येमेनी अकीक, असा थाट करून त्याने ती बादशहापुढे ठेवली. अकबराने झुरका घेतला, हकिमाने विरोध केला आणि दरबारात वाद रंगला. 1617 मध्ये जहांगिराने तंबाखूला मनाईही केली. ती टिकली नाही.

असद बेगाच्या नोंदीप्रमाणे नळीतून तंबाखू ओढण्याची रीत मोगल दरबारात गेली ती अशी दख्खनमधून. म्हणून धाराशिवच्या वाचकाने पाईपकडे साहेबाची वस्तू म्हणून दुरून पाहू नये असे मला वाटते. पुढची पाने ज्याच्यासाठी लिहिली आहेत तो वाचक सज्ञान आहे, त्याने पाईप नुकताच हाती घेतला आहे, आणि व्हॅनिला, चेरी, रम, चॉकलेट अशा वासांच्या डब्यांपुढे तो गोंधळून उभा आहे. जो मुळीच ओढत नाही त्याचेही इथे तितकेच स्वागत आहे. शेतीचा विद्यार्थी, दख्खनच्या इतिहासाचा अभ्यासक, नुसता जिज्ञासू माणूस, कोणीही यावे. पान डोळ्यांनी पाहून, बोटांत चुरगाळून आणि हुंगून या विद्येचा बराच भाग शिकता येतो. जो ओढत नाही त्याने शिकण्यासाठी म्हणून ओढायला लागू नये, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

या विषयात मला सांगायचे आहे ते एकच. तंबाखू निवडताना डब्यावरचे नाव आणि वास मागे ठेवावा, आणि पान कसे वाळवले हे आधी विचारावे. उन्हात, वाऱ्यावर, भट्टीच्या उष्णतेने की धुरात, या एका प्रश्नाच्या उत्तरात चवीचा बहुतेक भाग येऊन जातो. चहाची पत्ती पारखायची तर आले-वेलची न घालता प्यावी लागते, तसेच हे आहे. सुवासिक तंबाखूत पानावर आधी गोड पाक चढवतात आणि शेवटी सुगंध शिंपडतात. त्यात वाईट काही नाही, पण शिकणाऱ्याच्या हाती पान लागत नाही, अत्तर लागते. बिनसुवासाच्या म्हणवल्या जाणाऱ्या तंबाखूतही कधी थोडा पाक असतो, हेही सांगितले पाहिजे. फरक इतकाच की तिथे तो पाक पानाच्या चवीवर चढून बसत नाही.

हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. हुक्क्यासाठी गुळात कुटलेली गुडाखू असे, फळे-मसाले घालून आंबवलेला खमीरा असे, आणि त्यांच्या शेजारी साधी कडक पत्तीही असे. उमरग्याच्या पूर्वेला, राज्याची सीमा ओलांडली की बिदर. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची वेल बसवून तिथल्या कारागिरांनी हुक्क्याची बुडे घडवली. आधी ती गोल असत, अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची झाली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ती जरूर पाहावीत. दुसऱ्या टोकाला कुंभाराची मातीची चिलीम, तिला लावलेली ओल्या फडक्याची छापी. पाईपचा अभ्यास करणाऱ्याने चिलमीला कमी लेखू नये. भाजलेली माती धुरात स्वतःची चव फारशी घालत नाही, म्हणून पारख करायला मातीचे भांडे लाकडाहून सरस. ब्रायर लाकडाच्या पाईपमध्ये मात्र जुना वास मुरतो. एकदा चेरी ओढली की पुढचे कित्येक दिवस साध्या पानातही चेरीच लागते. नव्या माणसाने साध्या तंबाखूसाठी एक पाईप निराळा ठेवावा, हा सल्ला या अनुभवातून आलेला आहे.

आता पानांकडे. मराठी माणसाने सुरुवात निपाणीच्या विडी-तंबाखूपासून करावी असे माझे ठाम मत आहे, जरी ती तंबाखू पाईपची नसली तरी. काळ्या जमिनीत पावसाळ्यात लावण होते. शेंडे खुडतात, फुटवे काढून टाकतात, म्हणजे झाडाचा सगळा जोर मोजक्या पानांत उतरतो. पान जाड होते आणि पक्व झाले की त्यावर तांबूस ठिपके उठतात. जाणता शेतकरी ते ठिपके पाहूनच काढणी ठरवतो. मग हिवाळ्याच्या उन्हात ते शेतातच वाळते. या पानाची किंमत काय, यावर 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मेले. विडीच्या तंबाखूचा कोणताही अभ्यास या घटनेला वळसा घालून करू नये. तसाच तो विडी वळणाऱ्या बायांनाही विसरून करू नये. सोलापूरजवळ कुंभारीला त्यांच्यासाठी 10,000 घरांची वसाहत उभी आहे, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे, आणि 2006 मध्ये ती घरे त्यांच्या ताब्यात आली. ही तंबाखू विडीसाठी कणीदार करतात. पाईपच्या भांड्यात ती दाटून बसते, तापते आणि घसा धरते. पण उन्हात वाळलेल्या कडक पानाचा वास कसा असतो हे नाकाला शिकवायला तिच्याइतका जवळचा गुरू आपल्याला नाही.

पाईपच्या तंबाखूत पहिली ओळख व्हर्जिनियाची. गुंटूर-राजमहेंद्रीकडे आणि कर्नाटकात हुणसूर-पिरियापट्टणच्या भागात हे पान पिकते. राजमहेंद्रीला 1947 मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली. पाने बंद कोठारात टांगतात आणि नळांतून उष्णता फिरवतात, धूर पानाला लागू देत नाहीत. आठवडाभरात पानातल्या पिष्टाची साखर होते आणि रंग लिंबासारखा पिवळा धरला जातो. म्हणून व्हर्जिनिया मुळातच गोड, सुक्या गवताच्या वासाची. तिचा एक दोष आहे, घाईने ओढली तर जीभ पोळते. नव्या माणसाला हा दोष शिक्षकासारखा उपयोगी पडतो, कारण ती सावकाश ओढायला भाग पाडते.

बर्ली तिच्या उलट. ही पाने सावलीत, वाहत्या वाऱ्यावर काही आठवडे टांगून वाळवतात. तेवढ्या वेळात पान स्वतःचीच साखर खाऊन टाकते. उरते ती भाजलेल्या दाण्याची, थोडी मातकट चव. हे पान बाहेरचा सुगंध पटकन शोषून घेते, म्हणून सुवासिक तंबाखूत पायाला बहुधा बर्लीच असते. साधी बर्ली ओढून पाहिली की त्या डब्यांत अत्तराखाली काय दडले होते ते कळते.

तुर्कस्तान-ग्रीसकडची ओरिएंटल पाने लहान, उन्हात वाळवलेली, किंचित आंबूस. त्याच जातीचे पान लाकडाच्या धुरात मुरवले की लताकिया होते. सीरियातल्या बंदराचे नाव तिला मिळाले, पुढे ती सायप्रसहून येऊ लागली. पुष्कळ जाणकार नव्या माणसाला थेट लताकियाचे मिश्रण देतात. मला ते पटत नाही. तिचा धुरकट वास व्हॅनिलाइतकाच बाकीच्या पानांना झाकतो, आणि वासापासून सुटका करून घेतलेला शिकाऊ पुन्हा वासातच अडकतो. ती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर यावी. अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात आंबवलेली पेरीक ही तर मिरपुडीसारखी चिमूटभरच वापरायची. तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

एका गोष्टीवर जास्त थांबतो. आपला शेतकरी तळहातावर तंबाखू मळताना चुना का घालतो? चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते. बर्लीसारख्या वाऱ्यावर वाळलेल्या पानाचा धूरही अल्कधर्मी असतो, आणि त्यातले निकोटिन तोंडातूनही शोषले जाते. सिगारेटच्या व्हर्जिनियाचा धूर आम्ल, म्हणून तो छातीत ओढला जातो. सिगारेटवरून पाईपकडे आलेला माणूस सवयीने धूर खाली घेतो आणि चक्कर येऊन बसतो. पाईपचा धूर तोंडातच फिरवून सोडायचा असतो.

पण तोंडात ठेवला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. पाईपनेही तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो. बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, भारतातली अशा प्रकारची पहिली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम या धाराशिवच्या तालुक्यांतली गावे तिच्या कक्षेत येतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 27 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे 4 टक्क्यांच्याही आत, बाकी बहुतेक खाणारे. बार्शीची नोंदणी हे या विषयातले मूळ साधन आहे आणि माझ्या मते ते असद बेगाच्या नोंदीइतक्याच काळजीने वाचले पाहिजे. चवीचा अभ्यास करणाऱ्याने ते टाळले तर त्याचा अभ्यास अर्धवट राहील.

ज्याने ओढायचे ठरवलेच आहे त्याने लहान भांड्याचा पाईप घ्यावा. जाडसर कापलेली साधी व्हर्जिनिया थोडी आणावी, कागदावर पसरून बोटांना ओलसर लागेनाशी होईपर्यंत सुकू द्यावी, आणि काही आठवडे तिच्याशिवाय दुसरे काही घेऊ नये. मग बर्ली. मग दोन्हींचे स्वतः केलेले मिश्रण, वहीत प्रमाण लिहून. डब्याच्या मागची माहिती वाचताना पान कुठले, कसे वाळवले आणि कसे कापले, एवढेच शोधावे. या तीन गोष्टी ज्या डब्यावर नाहीत तो दुकानातच ठेवावा. पहिले प्रकरण उन्हात वाळलेल्या पानाचे आहे. ते वाचताना शेजारी निपाणीचे एक अखंड पान असले तर उत्तम.