शेवट कुणाचा?

स्पिलबर्गचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ २००५ मध्ये आला. टॉम क्रूझच्या अंगावरची राख, भिंतींवर बेपत्ता माणसांची पत्रकं. अमेरिकी प्रेक्षकांना थेट ९/११ आठवलं. शेवटाला मात्र बरेच वैतागले. एवढे बलाढ्य परग्रहवासी आणि साध्या जंतूंनी मरतात? अहो, तो शेवट एच. जी. वेल्सचा, १८९८चा! वेल्सनं पहिल्याच प्रकरणात इंग्रज वाचकांना टास्मानिया आठवून दिला होता: तिथल्या मूळ रहिवाशांचा संहार आपणच केला, मग मंगळवाल्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवायची? सिनेमात टास्मानिया नाही. मुलाच्या गृहपाठात फ्रेंचांच्या ताब्यातला अल्जीरिया ओझरता येतो, तेवढाच. तेव्हा अमेरिकी फौजा इराकमध्ये होत्या. प्रेक्षकांत वाद रंगला तो मुलगा जिवंत कसा परतला यावर.