वनस्पती-ओळखीचे मोबाइल खेळ

मोबाइलच्या कॅमेऱ्यात झाड, वेल किंवा गवत टिपायचे, त्याचे नाव शोधायचे आणि त्याबद्दल बिल्ले किंवा क्रमांक मिळवायचे, असे या खेळांचे स्वरूप असते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखानी पट्ट्यात खेळाला जागा भरपूर आहे : पवना व इंद्रायणीचे काठ, निगडीची दुर्गादेवी टेकडी, चाकणजवळचा भामचंद्र डोंगर.

प्रमुख अ‍ॅप : ‘आयनॅचरलिस्ट’ २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत विद्यार्थी प्रकल्प म्हणून सुरू झाले. त्याचेच भावंड ‘सीक’ (२०१८) मुलांसाठी सोयीचे. नोंदणी न मागता ते नाव सुचवते आणि बिल्ले देते. ‘सीझनवॉच’ (२०१०) भारतीय आहे. त्यात एक झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फुले, फळे किती आहेत ते नोंदवतात.

नोंदींचा दर्जा : आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख व ठिकाण असलेल्या नोंदीला, ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाल्यास ‘संशोधन दर्जा’ मिळतो. मुद्दाम लावलेली झाडे यात धरत नाहीत. त्यामुळे सोसायटीतला मादागास्करचा गुलमोहर कितीही फुलला तरी मागे राहतो आणि कंपनीच्या कुंपणाशी आपसूक उगवलेली रुई बाजी मारते.

गल्लती : पळस आणि पांगारा, दोघांचीही पाने त्रिदली. फुले नसताना एका पानाच्या फोटोवर विसंबू नये, खोडही टिपावे. काटे पांगाऱ्याला असतात, पळसाला नसतात.

हंगाम : ‘सिटी नेचर चॅलेंज’ ही स्पर्धा २०१६ मध्ये लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील चुरशीतून सुरू झाली. ती एप्रिलअखेरीस भरते. तेव्हा इथे बहावा फुलतो खरा, पण कळलावीचा कंद जमिनीतच असतो आणि तेरड्याचे बी अजून रुजलेले नसते. इथल्या रोपांसाठी जुलै ते सप्टेंबर हाच काळ योग्य.

स्थानिक कोणते? : मतभेद आहेत. चिंच मूळची आफ्रिकेतील मानली जाते, तरी तिला परकी म्हणायला सहसा कोणी धजावत नाही.

वृक्षगणना : महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. गवते व पावसाळी रोपे तिच्या कक्षेत येत नाहीत.